राणीच्या माहेरचें झाड

नाताळच्या दिवसांत दिव्यांनीं झगमगणारें झाड पाहिलें, म्हणजे ही मूळची इंग्रजांचीच रीत असावी असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः ही रीत जर्मन घरांतली आहे. ती इंग्लंडच्या राजवाड्यांत आली, ती परक्या देशांत संसार थाटावा लागलेल्या दोन माणसांबरोबर.

त्यांतलें पहिलें माणूस म्हणजे राणी शार्लट. मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ या लहानशा जर्मन संस्थानची ही राजकन्या १७६१ सालीं तिसऱ्या जॉर्जची राणी होऊन इंग्लंडास आली, तेव्हां ती सतरा वर्षांची होती व तिला इंग्रजी येत नव्हतें. १८१८ मध्यें तिचें देहावसान झालें. तोंपर्यंत माहेर पुन्हां तिच्या दृष्टीस पडलें नाहीं. तिच्या माहेरीं नाताळांत यू वृक्षाची फांदी घरांत उभी करून तिजवर मेणबत्त्या लावीत. ही चाल तिनें सासरीं सोडली नाहीं. १८०० सालच्या नाताळांत तिनें विंडसर येथें मुलांना मेजवानी दिली, तेव्हां फांदीऐवजीं सबंध झाडच कुंडींत लावून दिवाणखान्यांत ठेवलें. बदाम, मनुका व मिठाई यांच्या कागदी पुड्या, फळें आणि खेळणीं त्याला टांगलीं होतीं. झाड पाहून झाल्यावर प्रत्येक मुलाला खाऊ व एक खेळणें मिळालें.

पुढें कांहीं सरदार घराण्यांनीं ही चाल उचलली. सामान्य इंग्रज घरांत मात्र ती फारशी शिरली नाहीं. तें व्हावयास दुसरें माणूस यावें लागलें. १० फेब्रुवारी १८४० रोजीं राणी व्हिक्टोरियाचा विवाह तिचा मामेभाऊ, कोबुर्गचा राजपुत्र आल्बर्ट याच्याशीं झाला. आपल्याकडे घरजावयाच्या वाट्यास जें येतें, तें या वीस वर्षांच्या तरुणासहि चुकलें नाहीं. त्याला सालिना ५०,००० पौंड नेमणूक द्यावी असा प्रधानमंडळाचा प्रस्ताव होता. पार्लमेंटनें ती ३०,००० वर आणली. राज्यकारभारांतहि आरंभीं त्याला फारसा वाव नव्हता. त्याची आई तो पांच वर्षांचा असतांना घर सोडून गेली होती, ती त्याला पुन्हां भेटली नाहीं. अशा माणसाला स्वतःची मुलेंबाळें झाल्यावर बाळपणचा सण आठवावा, यांत नवल तें काय? १८४१ च्या नाताळांत त्यानें वडिलांना पत्र लिहिलें. त्यांत, भेटींच्या खोलींत नेण्यासाठीं येणाऱ्या वडिलांच्या पावलांची आपण लहानपणीं किती आतुरतेनें चाहूल घेत होतों याची आठवण देऊन, आतां आपलींहि दोन मुलें जर्मन झाडाकडे आश्चर्यानें पाहत आहेत असें त्यानें कळविलें.

व्हिक्टोरियाची आईहि जर्मन असल्यामुळें राणीला बाळपणापासून हीं झाडें परिचित होतीं. विंडसरच्या वाड्यांत छतावरचीं झुंबरें उतरवून त्यांच्या जागीं झाडें टांगण्यांत येत, आणि जर्मन रीतीस अनुसरून भेटी २४ डिसेंबरच्या संध्याकाळींच देत.

१८४८ च्या डिसेंबरांत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकानें झाडाभोंवतीं जमलेल्या या राजकुटुंबाचें चित्र छापलें. तेव्हांपासून मध्यमवर्गीय घरांत या चालीचें अनुकरण झपाट्यानें होऊं लागलें. १८५० मध्यें फिलाडेल्फियाच्या एका स्त्रियांच्या मासिकानें तेंच चित्र घेतलें. मात्र त्यांतील राणीचा मुकुट व आल्बर्टच्या मिशा गाळल्या. राजाराणीचे साधे अमेरिकन आईबाप झाले. झाड होतें तसेंच राहिलें.

१४ डिसेंबर १८६१ रोजीं, नाताळ तोंडावर आला असतांना, आल्बर्ट विंडसर येथें मरण पावला. त्यानंतर राणीनें आपले नाताळ बहुधा वाइट बेटावरील ऑस्बर्नच्या घरींच काढले. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मनांविषयीं इतका द्वेष माजला कीं, १७ जुलै १९१७ रोजीं आल्बर्टचा नातू पंचम जॉर्ज यास घराण्याचें साक्स-कोबुर्ग-गोथा हें नांव टाकून विंडसर हें नांव घ्यावें लागलें. नांव गेलें, पण कोबुर्गचें झाड इंग्रजांच्या घरांतून कोणी बाहेर काढलें नाहीं. तोंपर्यंत तें त्यांना आपलेंच वाटूं लागलें होतें.

आपण मराठींत सहज उच्चारतों तो ‘नाताळ’ हा शब्द तरी कोठला? तोहि पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आला, आणि येथल्या भाषेंत असा मिसळला कीं त्याचें परकेपण आज कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.