बेथलेहेमची गव्हाणी : शास्त्र आणि लोकपरंपरा

डिसेंबर संपत आला की दिल्ली, कोलकाता, शिलाँग यांसारख्या शहरांत चर्चच्या आवारात आणि मोठ्या दुकानांच्या काचांआड एक देखावा मांडलेला दिसतो. गवताने शाकारलेला गोठा, गव्हाणीत निजलेले बालक, दोहों बाजूंस मरिया व योसेफ, मागे बैल व गाढव, एका अंगास मेंढपाळ, दुसऱ्या अंगास उंटांवरून उतरलेले तीन राजे आणि या सर्वांवर एक तारा. नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांचे बोट धरून हा देखावा त्यांना दाखविला असेल, आणि हीच बायबलातील ख्रिस्तजन्माची कथा, असे सांगितलेही असेल. वस्तुतः गोठा, बैल, गाढव, उंट, राजे आणि त्यांची तीन ही संख्या, यांपैकी एकही गोष्ट बायबलातील जन्मकथेत नाही. ज्या आहेत त्याही एका ठिकाणी नाहीत. मग ही भर कोठून आली, केव्हा आली आणि तिने मूळ कथेचे काय केले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास पडावयास हवा. विशेषतः या भरीमुळे एका गावावर विनाकारण कलंक लागला आहे, तो तरी तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. नव्या करारात शुभवर्तमाने चार आहेत. त्यांपैकी सर्वांत जुने म्हणून बहुतेक पंडित ज्यास मानतात ते मार्काचे शुभवर्तमान येशूच्या बाप्तिस्म्यापासून, म्हणजे त्याच्या प्रौढ वयापासून, सुरू होते. योहानाचा आरंभ तत्त्वज्ञानात्मक आहे. जन्माची कथा केवळ मत्तय आणि लूक या दोघांनीच सांगितली आहे, आणि दोघांनी ती वेगवेगळी सांगितली आहे. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडून मागी लोक येतात, तारा त्यांना वाट दाखवितो, ते एका घरात जाऊन बालकाचे दर्शन घेतात. हेरोद राजा बेथलेहेममधील बालकांची हत्या करवितो आणि योसेफ आपल्या कुटुंबासह मिसर देशात पळून जातो. लूकाच्या कथेत नावनिशी लिहून देण्यासाठी योसेफ व मरिया नासरेथहून बेथलेहेमास येतात, बालकास गव्हाणीत ठेवतात, रानातील मेंढपाळांना देवदूत वार्ता सांगतो, आणि पुढे यरुशलेमच्या मंदिरातील विधी आटोपून सर्वजण शांतपणे नासरेथास परततात. मत्तयाला गव्हाणी व मेंढपाळ ठाऊक नाहीत, तर लूकाला तारा, मागी व मिसरचा प्रवास ठाऊक नाही. योसेफाचे घर मुळात नासरेथास होते असे लूक स्पष्ट सांगतो. मत्तयाचा वाचक मात्र ते कुटुंब बेथलेहेमचेच रहिवासी होते आणि हेरोदाच्या वंशजाच्या भयाने पुढे नासरेथास गेले, असे समजून चालतो.

मात्र दोघांचे ऐक्यही लक्षात घेतले पाहिजे. मातापित्यांची नावे, कुमारी मातेच्या पोटी पवित्र आत्म्याच्या योगाने झालेला गर्भसंभव, बेथलेहेम हे जन्मस्थान, हेरोदाचा काळ आणि नासरेथातील संगोपन, या गोष्टींत त्यांचे एकमत आहे. दोन स्वतंत्र कथनांत जे समान आहे ते त्यांच्या आधीपासून चालत आलेले असावे, असे मानण्यास जागा आहे.

काळाच्या बाबतीत मात्र अडचण मोठी आहे. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला, असे सामान्यतः मानतात. लूकाने ज्या क्विरिनिय नामक सुभेदाराच्या वेळची नोंदणी सांगितली आहे, ती योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या वृत्तांतावरून इ. स. ६ मध्ये झाली. दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ते बुजविण्याचे यत्न अनेकांनी केले, पण एकमत झालेले नाही. नोंदणीसाठी गावी परतण्याची कल्पना मात्र अगदीच निराधार नव्हे. मिसर देशातील रोमन सुभेदार गायस विबियस मॅक्सिमस याचा इ. स. १०४ मधील एक हुकूम पपायरसवर लिहिलेला सापडला आहे. आपापला जिल्हा सोडून अन्यत्र राहिलेल्यांनी घरोघरच्या शिरगणतीसाठी घरी परतावे, अशी त्यात आज्ञा आहे. पण हे परतणे स्वतःच्या घराकडे होते. हजार वर्षांपूर्वीच्या दावीद राजाच्या वंशात आपण जन्मलो म्हणून त्याच्या गावी जाणे ही निराळी गोष्ट होय. ज्यांनी जनगणनेच्या कामात भाग घेतला आहे त्यांना, माणूस त्याच्या राहत्या ठिकाणी मोजण्याऐवजी मूळपुरुषाच्या गावी मोजावयाचे ठरविले तर केवढा गोंधळ उडेल, हे सांगावयास नको. लूकाला येथे कारभारापेक्षा वंशाची खूण अधिक महत्त्वाची वाटली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या कलंकाकडे वळू. नाताळच्या नाटकांत एक निष्ठुर धर्मशाळावाला असतो. अवघडलेल्या मरियेला तो दारातून घालवून देतो आणि मग ती गोठ्यात प्रसूत होते. लूकाच्या ग्रंथात हे पात्रच नाही. जन्म त्याच रात्री झाला, असेही तेथे म्हटलेले नाही. ती दोघे तेथे असता मरियेचे दिवस भरले, एवढेच लूक सांगतो. गव्हाणीचे कारण म्हणून, ‘काताल्युमा’मध्ये जागा नव्हती, असे तो लिहितो. या ग्रीक शब्दाचे भाषांतर इंग्रजीत सराई अशा अर्थाने झाले आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘उतारशाळा’ हा शब्द रूढ झाला. परंतु हाच शब्द लूकाने पुढे येशूच्या अखेरच्या भोजनाच्या प्रसंगी वापरला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ एका घरातील पाहुण्यांची खोली असा उघडच आहे. उलट चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात जेव्हा पैसे घेऊन उतरू देणारी खरी सराई दाखवावयाची होती, तेव्हा त्याने ‘पांदोखेइऑन’ हा निराळा शब्द योजिला, आणि तेथे तिचा चालकही उभा केला.

त्या काळच्या पॅलेस्टाइनमधील सामान्य घराची रचना पाहिली म्हणजे या वाक्याचा अर्थ अधिक उलगडतो. थंडीत जनावरे घरातच, सखल भागात बांधीत आणि जरा उंच भागावर माणसे निजत. गव्हाणी या दोहोंच्या कडेला असे. आपल्याकडील जुन्या शेतकरी घरांतही गुरे व माणसे एका छपराखाली नांदत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत आधीच दाटी होती, म्हणून घरच्या माणसांनी या दोघांना आपल्यातच सामावून घेतले आणि मूल गव्हाणीतल्या मऊ चाऱ्यावर निजविले, असा अर्थ आज अनेक पंडित करतात. काहींच्या मते ‘काताल्युमा’ म्हणजे कोणतीही मुक्कामाची जागा. अर्थ कोणताही घेतला, तरी बेथलेहेमच्या लोकांनी त्यांना हाकलून दिले असे लूकाच्या शब्दांतून निघत नाही. शतकानुशतके प्रवचनांतून त्या गावावर ठेवलेला निर्दयतेचा ठपका एका शब्दाच्या भाषांतरावर आणि पुढच्यांच्या कल्पनेवर उभा आहे.

गोठ्याआधी परंपरेत गुहा आली. इ. स. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने जन्म गुहेत झाल्याचे लिहिले आहे. त्याच शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात तर संपूर्ण आख्यान आहे. मरियेचे आईबाप योआकीम व अन्ना, योसेफ हा मुलेबाळे असलेला वृद्ध विधुर, वाटेत लागलेल्या प्रसववेदना, गुहा, सुईण, आणि जन्माच्या क्षणी स्तब्ध झालेली सृष्टी, हे सारे तेथून आले. चर्चने हा ग्रंथ शास्त्रात घेतला नाही, पण त्यातील अन्ना व योआकीम यांचे सण मात्र पाळले. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी बेथलेहेमच्या गुहेवर चर्च बांधले गेले. सहाव्या शतकात त्याची पुनर्रचना झाली आणि ती वास्तू आजही उभी आहे. पूर्वेकडील चर्चच्या चित्रांत अद्याप गुहाच असते, पश्चिमेकडे तिचा गोठा झाला.

बैल व गाढव यांचा उगम तर विलक्षण आहे. ही जनावरे यशया संदेष्ट्याच्या जुन्या करारातील ग्रंथातून आली. बैल आपल्या धन्यास आणि गाढव आपल्या गव्हाणीस ओळखते, पण माझी प्रजा मला ओळखत नाही, अशा आशयाची देवाची तक्रार तेथे आहे. गव्हाणी हा एक शब्द दोन्हीकडे आढळताच ती दोन मुकी जनावरे ख्रिस्ताच्या उशाशी येऊन उभी राहिली. चौथ्या शतकातील दगडी शवपेट्यांवरील काही शिल्पांत बालकाजवळ केवळ हीच दोघे आहेत, मरियाही नाही. पुढे ‘छद्म-मत्तय’ या लॅटिन ग्रंथाने त्यांस लेखी आधार दिला. त्याच ग्रंथात मिसरच्या वाटेवर खजुराचे झाड मरियेसाठी वाकते आणि मुळाशी पाणी वाहू लागते. कुराणातील मरियम नावाच्या अध्यायातही प्रसूतिसमयी खजुराचे झाड व पाण्याचा ओहोळ आहे. लोककथेने धर्मांच्या सीमा मानल्या नाहीत, याचे हे सुंदर उदाहरण होय.

मागी लोकांचेही असेच झाले. मागी म्हणजे मूळचे इराणातील पुरोहित व ज्योतिषी. ते किती होते हे मत्तयाने लिहिले नाही. सोने, ऊद व गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसेही तीन ठरली. सिरियाकडील परंपरेत ती बारा आहेत. राजे भेटी आणतील असे बहात्तराव्या स्तोत्रात आहे आणि यशयाच्या साठाव्या अध्यायात उंटही आहेत. त्यांवरून ज्योतिषांचे राजे झाले, त्यांना वाहने मिळाली आणि पुढे गास्पार, मेल्किओर व बाल्थासार ही नावेही मिळाली. ११६४ साली त्यांच्या म्हणविल्या जाणाऱ्या अस्थी मिलानहून कोलोन शहरी नेण्यात आल्या. आपल्या गोमंतकात तर या राजांच्या नावाचे गावच आहे. पणजीसमोर, मांडवीच्या उत्तर तीरावर, ‘रेइस मागोस’ येथे १५५५ चे चर्च आहे. ६ जानेवारीच्या सणास तेथे आणि चांदोर व कासावली येथे तीन मुले राजांच्या वेषात मिरवतात.

तिथीचीही कथा अशीच आहे. शुभवर्तमानांत दिवस वा महिना कोठेच नाही. २५ डिसेंबरचा निर्णायक उल्लेख रोममधील ३५४ सालच्या एका संग्रहात सापडतो. पूर्वेकडे ६ जानेवारी मानीत आणि आर्मेनियन चर्च आजही तीच मानते. २५ डिसेंबर हा रोमन सूर्यपूजकांच्या उत्सवावरून आला, की २५ मार्च हा गर्भसंभवाचा दिवस धरून नऊ महिने मोजल्याने आला, याविषयी वाद आहे. सन मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्झिगुअस याने ५२५ साली घातली. हेरोदाच्या मृत्यूशी ती जुळत नसल्याने ख्रिस्त हा ख्रिस्तपूर्व काळात जन्मला, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येते.

या विखुरलेल्या धाग्यांतून एक देखावा घडविण्याचे श्रेय मोठ्या अंशी असिसीच्या संत फ्रान्सिसला दिले जाते. १२२३ च्या नाताळात त्याने ग्रेच्चो या इटालियन गावी गव्हाणी व चारा मांडून, खरे बैल व गाढव उभे करून उपासना केली. शेतकऱ्यांना देव आपल्या घरच्यासारख्या ठिकाणी जन्मला हे डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा हेतू होता.

हीच गरज पुढे आपल्या भाषेतही प्रकट झाली. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ज्यांची जुनी पुराणे सुटली होती त्यांना नुसती प्रश्नोत्तरे पुरत नव्हती, त्यांना गाता येईल अशी कथा हवी होती. शास्त्र थोडक्यात बोलते, आणि त्याने सोडलेल्या जागा ऐकणारा भरून काढतो.

आपल्याला हे नवीन नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकीच्या रामायणात नाही आणि भागवतात राधेचे नाव नाही, तरी लोकमनात त्या दोहोंवाचून ती कथा पुरी होत नाही. म्हणून परंपरेला खोटी ठरविणे जसे उथळपणाचे, तसेच तिला शास्त्राच्या नावाने खपविणे अप्रामाणिकपणाचे. बैल व गाढव कोणाच्या वाट्याला दुःख आणीत नाहीत. त्यांना देखाव्यात राहू द्यावे. पण जेथे एखाद्या कल्पित तपशिलाने कोणावर दोष येतो, तेथे मूळ ग्रंथ उघडून पाहणे हे आपले कर्तव्य आहे. पुढच्या डिसेंबरात त्या देखाव्यापुढे मुलाने विचारले की यांना घरात कोणी का घेतले नाही, तर त्याला एवढे अवश्य सांगावे : घेतले नाही असे लूकाने कोठेच लिहिलेले नाही. पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून बाळ गव्हाणीत निजले.