पैनगंगेच्या थडीची आपली वाडी

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. मंडळानं सांगितलं, महाराज, वाडीचा इतिहास तुम्हीच लिहा. आम्ही चौथी पास. आमचा हात नांगराचा आन् टाळाचा, लेखणीचा नाही. तरी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलं आन् डोळ्यानं पाहिलं ते जसं आठवलं तसं मांडतो. वाचक माउलींनी गोड मानून घ्यावं.

आपल्या वाशिमचा इतिहास लय मोठा हाये. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. 1939 साली वाशिमात त्यांचा एक ताम्रपट सापडला. एका गुरुजींनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला. विंध्यशक्ती राजानं ब्राह्मणांना एक गाव दान दिलं. कोणी दिलं ते त्यात हाये, कोणाला दिलं तेही हाये. पण त्या गावात नांगर कोण धरत होतं, त्याचं नाव नाही. आम्ही म्हटलं, गुरुजी, वाडीचं असंच असते. ती असते, पण तिचं नाव नसते.

आपल्या वाडीला ताम्रपट नाही, गढी नाही. काळी जमीन, पन्नास-साठ घरं, विठोबाचं देऊळ, मारुतीचा पार आन् खाली पैनगंगा. एवढाच पसारा. वऱ्हाड निजामाचं होतं, 1853 साली इंग्रजाच्या ताब्यात गेलं. वाशीम जिल्हा होता, तो 1905 साली मोडून अकोल्यात घातला. मंग 1 जुलै 1998 ला परत जिल्हा झाला. कागदावर जिल्हे बदलले, वावराचा धुरा जिथल्या तिथं राहिला.

पण नदीचं तसं नव्हतं. आता कनेरगाव नाक्यावरून गाडी हिंगोलीकडे जाते तवा कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण तवा अलीकडे वऱ्हाड आन् पलीकडे मोगलाई होती. पलीकडे निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. पैसाही वेगळा. इकडे कलदार, तिकडे हाली शिक्का. आजोबा सांगत, दिंडी निघायच्या आधी वर्गणीचे कलदार मोडून हाली करून ठेवा लागत. नदी उतरली की हिंगोली, नामदेवरायांची नर्सी, पुढे जनाबाईचं गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, अशी पंढरीची वाट.

अडचण एकच होती. मिरगाचा पाऊस आन् दिंडीचं प्रस्थान लागूनच येते. कास्तकारानं पेरावं का चालावं? त्यावर वाडीनं रीत काढली. जो वारीला जाईल त्याच्या वावरात तिफण आधी चालवायची. बैल ज्याचे असतील त्याचे, बियाणं घरचं, मजुरी कोणी मागायची नाही. आमच्या आजोबाची ज्वारी अशी कितीक साल दुसऱ्यानं पेरली. म्हणून आम्ही कीर्तनात सांगतो, वारी पायानं चालणाऱ्या वीस-पंचवीस माणसांची नव्हती, मागं राहून पेरणाऱ्या वाडीची होती.

आता जी गोष्ट लिहायची ती लिहाले हात अडखळते. पण इतिहास लिहा म्हटलं तर सारा लिहावा लागते.

जेठ-आषाढात पैनगंगेले पाणी येते. पूल नव्हता. पाण्याचा उतार कुठं हाये, कुठं डोह हाये, हे वाडीत एकाच घराले पक्कं ठाऊक. ते घर महारवाड्यातलं. गावाच्या शिवेची, वाटेची, पाण्याची माहिती ठेवणं हे त्यांचंच काम होतं. तो माणूस हातात काठी घेऊन पहिला पाण्यात उतरे, छातीइतक्या पाण्यात वाट मोजत जाई आन् मागून आपली दिंडी, वीणा डोक्यावर धरून. पलीकडे गेल्यावर मात्र दिंडीची पंगत वेगळी, त्याची भाकर वेगळी. पंढरीत आपण राऊळात जात होतो, तो महाद्वारात चोखोबांच्या समाधीपाशी उभा राहून परत फिरत होता. चोखोबा आपल्या वऱ्हाडाचे. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा त्यांचं जन्मगाव मानतात. त्यांचं नाव आम्ही रोज घेत होतो, आन् त्यांचं माणूस पंगतीबाहेर बसवत होतो.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तवा विठोबाचं दार सगळ्यांसाठी उघडलं. आपल्या दिंडीची पंगत मात्र त्यानंतरही लवकर एक झाली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरले दीक्षा दिली. त्या वाड्यातल्या घरांनी तो मार्ग धरला आन् दिंडीत येणं सोडलं. आमचे वडील म्हणत, ते दिंडी सोडून गेले. आज आम्हाला वाटते, आपणच त्यांना कधी दिंडीत घेतलं नव्हतं.

दिंडीची जुनी वही आमच्याजवळ हाये. चालणाऱ्यांची नावं, पीठ कोणी दिलं, तेल कोणी दिलं, सारं त्यात हाये. नदी उतरवणाऱ्याचं नाव एकाही पानावर नाही. ताम्रपटावर बोट दाखवणारे आम्ही, आमच्याच वहीत तेच निघालं.

या अंकाच्या निमित्तानं आम्ही बौद्धवाड्यात त्यांच्या नातवाकडे गेलो. ते आमच्याच वयाचे. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी एकाच खडीच्या कामावर पाट्या वाहिल्या, सुकडी एकाच फडक्यात खाल्ली. आम्ही म्हटलं, भाऊ, आजोबाचं नाव अंकात घ्यायचं मनात हाये. ते थोडा वेळ गप्प राहिले. मंग म्हणाले, “घ्या. पण उपकार म्हणून घेऊ नका. पाणी त्यानं मोजलं होतं, तेवढंच लिहा.”

तेवढंच लिहिलं हाये. या अंकात वारकऱ्यांची यादी हाये, तिच्यात पहिलं नाव त्यांचं हाये. मंडळानं एकमतानं ठरवलं.

आता वाडीत ज्वारी कमी, सोयाबीन जास्त. पोरं पुण्याकडे कंपनीत गेली, कितीक घरांना कुलूप हाये. 2020 साली रोगराईनं दिंडी निघाली नाही, तवा वीणा देवळातच उभी राहिली. पण ज्याच्या घरी आषाढीले माणूस चालते, त्याचं वावर अजून आधी पेरल्या जाते. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, डिझेल गाव देते. ही रीत मोडू नका, एवढं पोरांना सांगणं. आन् पुढच्या शंभर वर्षांची वही लिहाल तर वाट दाखवणाऱ्याचं नाव आधी लिहा.

चूकभूल माफ असावी. राम कृष्ण हरी.