संदर्भलेख : म्हैसूरचे स्वतंत्र रॉक संगीत आणि अल्बमच्या मालकीचा प्रश्न

म्हैसूर : दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या राजवाड्यासमोर शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात, तर ‘युवा दसऱ्या’च्या व्यासपीठावर गिटार आणि ड्रमचा आवाज घुमतो. देशातील स्वतंत्र रॉक संगीतात नाव मिळवलेले दोन बँड याच शहरात वाढलेल्या दोन सख्ख्या भावांशी जोडलेले आहेत. ते म्हणजे रघू दीक्षित यांचा ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ आणि वासू दीक्षित यांचा ‘स्वरात्मा’. चित्रपटाच्या आधाराविना अल्बम काढायचा, तर त्याचा खर्च कोणी करायचा आणि ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा राहायचा, हा प्रश्न अशा प्रत्येक बँडपुढे असतो. म्हैसूरच्या संगीतविश्वाला तो नवा नाही.

गॅरेज रॉकची परंपरा

१९६० च्या दशकात अमेरिकेतील तरुण घराच्या मोटारखान्यात, म्हणजे गॅरेजमध्ये, सराव करीत. तीन-चार स्वरमेळ, खरखरीत गिटार आणि हाती असलेल्या पैशांत उरकलेले ध्वनिमुद्रण ही त्यांच्या संगीताची ओळख होती. ‘द किंग्समेन’ या बँडचे १९६३ मधील ‘लुई लुई’ हे गाणे या शैलीचा नमुना मानले जाते. १९७२ मध्ये गिटारवादक व समीक्षक लेनी के यांनी अशा गाण्यांचे ‘नगेट्स’ हे संकलन प्रसिद्ध केले. ‘गॅरेज रॉक’ हे नाव रूढ होण्यास त्याचा मोठा हातभार लागला. २००१ च्या सुमारास ‘द स्ट्रोक्स’ आणि ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडनी ही शैली पुन्हा लोकप्रिय केली.

भारतात या शैलीचा जुना दस्तऐवज म्हणजे ‘सिमला बीट’ हे १९७० आणि १९७१ चे दोन अल्बम. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनी बँडच्या स्पर्धा घेत असे. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात अंतिम फेरी रंगे आणि निवडक बँडची गाणी ध्वनिमुद्रित होत. शिलाँगच्या ‘फेनटोन्स’सारख्या बँडचा आवाज त्यामुळेच टिकून राहिला. ही गाणी प्रामुख्याने इंग्रजीत होती आणि ध्वनिमुद्रिकेचा खर्च सिगारेट कंपनी उचलत होती. पुढे परदेशातील संग्राहकांत या ध्वनिमुद्रिकांना मागणी आली आणि त्यांची पुनर्निर्मिती झाली.

राजाश्रयातील ध्वनिमुद्रिका

म्हैसूरपुरते बोलायचे, तर पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रणाशी या शहराचा संबंध सिमला बीटच्याही आधीचा आहे. म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराज वाडियार (१९१९-१९७४) हे स्वतः पियानोचे जाणकार होते. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर तेव्हा लंडनमध्ये उपेक्षित जीवन जगत होते. त्यांच्या रचना त्यांच्याच वादनासह ध्वनिमुद्रित व्हाव्यात, यासाठी महाराजांनी अर्थसाहाय्य दिले. त्यातून मेटनर सोसायटी स्थापन झाली आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने या रचनांचे संच प्रसिद्ध केले. कृतज्ञतेपोटी मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कन्चर्टो महाराजांना अर्पण केला.

हे संच ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे होते. एका तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे दीर्घ रचनेच्या अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात ठेवल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो यातूनच. बाजारात मागणी नसलेले संगीत पदरमोड करून जतन करण्याचे काम तेव्हा राजाने केले.

‘अंतराग्नी’चा दहा वर्षांचा प्रवास

संस्थाने गेली आणि असा आश्रयही संपला. रघू दीक्षित यांच्या पिढीला वेगळी वाट शोधावी लागली. त्यांचा जन्म १९७४ मध्ये नाशिकचा. मात्र बालपण आणि शिक्षण म्हैसूरमध्ये झाले. म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदकासह पदव्युत्तर पदवी घेतलेले रघू भरतनाट्यमही शिकले. गिटार त्यांनी महाविद्यालयीन वयात हाती घेतली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘अंतराग्नी’ हा बँड सुरू केला. तो विसर्जित झाल्यावर ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ आकाराला आला.

पहिला अल्बम श्रोत्यांच्या हाती पडला तो २००८ मध्ये, म्हणजे ‘अंतराग्नी’च्या स्थापनेनंतर सुमारे दहा वर्षांनी. मुंबईतील कार्यक्रम ऐकून प्रभावित झालेल्या विशाल-शेखर या चित्रपट संगीतकारांच्या जोडीने आपल्या स्वतंत्र संगीत कंपनीतर्फे तो प्रसिद्ध केला. जुन्या बँडचेच नाव मिरवणाऱ्या या अल्बममध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजी मिळून आठ गाणी होती.

त्यांपैकी दोन कन्नड गाणी संत शिशुनाळ शरीफ (१८१९-१८८९) यांची आहेत. सध्याच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुविनहाळचे शरीफ हे मुस्लिम कुटुंबात जन्मले आणि गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंचे शिष्य झाले. त्यांची तत्त्वपदे उत्तर कर्नाटकात आजही तोंडपाठ आहेत. मराठी वाचकाला येथे श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतील. या दोन पदांत एकात हुक्क्याचे, तर दुसऱ्यात गळक्या घराचे रूपक आहे. गिटार आणि ड्रमच्या साथीने ती शहरी तरुणांपर्यंत पोहोचली.

२०१० मध्ये बीबीसीच्या ‘लेटर... विथ जूल्स हॉलंड’ कार्यक्रमात बँडचे सादरीकरण झाले आणि अल्बम ब्रिटनमधील आयट्यून्सच्या जागतिक संगीत विभागात अग्रस्थानी गेला. २०११ मध्ये ‘साँगलाइन्स’ मासिकाचा सर्वोत्कृष्ट नवोदित पुरस्कार मिळाला. दुसरा अल्बम ‘जग चंगा’ २०१३ मध्ये आला.

रघू यांचे धाकटे बंधू वासू दीक्षित गायक-गिटारवादक असलेल्या ‘स्वरात्मा’चे अल्बम बहुराष्ट्रीय ईएमआय समूहामार्फत आले. ‘स्वरात्मा’ (२००९) नंतर ‘टोपीवाले’ (२०१२) प्रसिद्ध झाला. पहिल्या अल्बममधील ‘प्यासी’ हे गाणे कावेरीच्या पाणीप्रश्नावर आहे. म्हैसूरच्या परिसरासाठी तो दूरचा विषय नाही.

हक्क कोणाचा?

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन स्वतंत्र हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द व चालीवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो आणि सामान्यतः तो खर्च करणाऱ्या निर्मात्याकडे जातो. म्हणूनच शरीफ यांची मूळ पदे कोणत्याही बँडला मुक्तपणे गाता येतात, मात्र त्या पदांचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण तसे वापरता येत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना मोठे संरक्षण दिले. त्यांचा स्वामित्वशुल्कातील समान वाटा करार करूनही कंपनीला काढून घेता येत नाही. तो केवळ वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. हे शुल्क गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ १९६९ पासून कार्यरत आहे.

आज घरच्या संगणकावर अल्बम तयार होतो आणि वितरक कंपनीमार्फत तो काही दिवसांत जगभर उपलब्ध होतो. ध्वनिमुद्रण बँडच्याच मालकीचे राहते. अडचण उत्पन्नाची आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. बँडकॅम्पवर श्रोत्याला अल्बम थेट विकता येतो आणि डिजिटल विक्रीतून सामान्यतः १५ टक्के कपात होते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ अल्बमची गाणी दरमहा एक याप्रमाणे मोफत दिली आणि उत्पन्नासाठी कार्यक्रमांवर भिस्त ठेवली.

राजा, सिगारेट कंपनी, संगीतकार-निर्माते आणि बहुराष्ट्रीय समूह अशा टप्प्यांतून आलेला अल्बमचा खर्च आता पुन्हा बँडच्याच खिशावर आला आहे. मालकी मात्र त्याच्याकडे राहते. नव्या बँडने अल्बम प्रसिद्ध करण्यापूर्वी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींतील प्रत्येक सदस्याचा वाटा लेखी ठरवून घ्यावा. बँड विसर्जित झाला तरी हा हक्क दशकानुदशके शिल्लक राहतो.