किचनची जुनी कपाटं: तोडायची की वाचवायची?

नवी मुंबईतलं करावे गाव खाडीजवळ आहे. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने स्वयंपाकघरातलं लाकूडकाम फुगतं. पण दारं वाकडी झाली म्हणजे अख्खं कपाट गेलं, असं नाही.

आधी सिंकखालचं कपाट रिकामं करा आणि तळाची फळी अंगठ्याने दाबून पाहा. दबली, भुसा सुटला तर ती बहुधा पार्टिकल बोर्डची आहे. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. तेवढीच फळी बदला. नवी घेताना प्लायवर आयएस 710 हा शिक्का बघा. हे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. कोरड्या जागी आयएस 303 चालतं, तुलनेने स्वस्तही पडतं. मात्र नळाची गळती आधी थांबवा, नाहीतर पैसे अक्षरशः पाण्यात.

लटकलेल्या दारात दोष बहुतेकदा बिजागरीचा असतो. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून त्यात ठोका, रात्रभर सुकू द्या आणि स्क्रू पुन्हा आवळा. बिजागरीच गंजली असेल तर जुनी दुकानात सोबत न्या आणि स्टेनलेस स्टीलची मागा.

रंगरूप सर्वांत शेवटी. चिकटवायचा वॉलपेपर स्वस्त असतो, पण ओलसर फळीवर लावला तर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. टिकाऊपणा हवा तर दर्शनी दारांपुरती सनमायका लावून घ्या. घर भाड्याचं असेल तर आधी घरमालकाला विचारा.

सामान परत लावताना जड पातेली खाली, रोजचे डबे हाताशी. धान्य सिंकखाली अजिबात नको.