ताण, राग आणि आत्मसन्मान : ऑनलाइन समुपदेशनाचा उपयोग कसा करून घ्यावा?

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी राहत असाल, तर मानसोपचारासाठी नागपूरला जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. शिवाय ‘कोणी पाहिले तर?’ हा संकोच असतोच. फोनवरून मिळणारे समुपदेशन ही अडचण बरीच कमी करते. मात्र नुसते मन मोकळे केल्याने हलके वाटते, सवय बदलत नाही. दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत तुम्ही काय करता, यावर सुधारणा अवलंबून असते.

तिन्ही तक्रारी एकत्र का येतात?

ताणात शरीर सतत सज्ज राहते. छाती धडधडते, मान आखडते, झोप मोडते. अशा वेळी क्षुल्लक कारणही राग यायला पुरते. भडका उडाल्यावर पश्चात्ताप होतो, ‘मी वाईटच आहे’ असे वाटते आणि ताण आणखी वाढतो.

सत्रात काय घडते?

सत्र साधारणपणे 45 ते 50 मिनिटांचे असते. सुरुवातीला झोप, व्यसन, आजार आणि घरची परिस्थिती यांविषयी विचारले जाते. रागावर उपयोगी ठरणारी एक पद्धत म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 मध्ये मांडली. मराठी वाचकांपर्यंत ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनातून पोहोचली.

एक उदाहरण घ्या. धानाची रोवणी सुरू आहे, कबूल करूनही मजूर आले नाहीत आणि तुम्ही घरी येऊन मुलावर ओरडलात. मजूर न येणे ही घटना, ओरडणे हा परिणाम. मध्ये एक विचार लपलेला असतो : ‘शब्द पाळलाच पाहिजे, मला कोणी किंमतच देत नाही.’ समुपदेशक हा ‘च’ शोधायला शिकवतात. ‘ते आले असते तर बरे झाले असते. नुकसान झाले, पण त्यावरून माझी किंमत ठरत नाही,’ असा विचार केल्यास वाईट वाटतेच, पण दुसरे मजूर शोधायला डोके शांत राहते.

आत्मसन्मानाचेही तसेच आहे. ‘मुलावर ओरडलो, ही माझी चूक’ हे कृतीचे मूल्यमापन झाले; त्यातून माफी मागता येते. ‘मी नालायक बाप आहे’ या शिक्क्यातून काहीच सुधारत नाही.

तुम्ही काय करावे?

• राग आला की त्याच दिवशी घटना, मनातला विचार आणि आपली कृती तीन ओळींत लिहा. सत्रात हीच वही समोर ठेवा.
• आवाज चढू लागला की ‘दहा मिनिटांनी बोलतो’ असे सांगून बाजूला व्हा आणि ठरल्या वेळी परत या.
• घरात एकांत नसेल तर हेडफोन वापरा किंवा शेतात, ओळखीच्या रिकाम्या खोलीत बसा. रेंज कमी असेल तर व्हिडिओऐवजी साधा कॉल चालतो.
• समुपदेशकाचे शिक्षण, फी आणि गोपनीयतेचे नियम आधीच विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते.
• अडीअडचणीसाठी आपला पत्ता आणि एका विश्वासू व्यक्तीचा फोन नंबर त्यांना देऊन ठेवा.
• चार-पाच सत्रांनंतरही काहीच फरक नसेल तर तसे स्पष्ट सांगा. समुपदेशक बदलण्यात गैर काही नाही.

मोफत मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

चिडचिडीसोबत वजन घटत असेल, हात थरथरत असतील तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. दारूचे व्यसन, आठवडेच्या आठवडे उडालेली झोप किंवा भास होत असतील तर मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा; औषधे डॉक्टरच देऊ शकतात, समुपदेशक नाही.

राग मारहाणीपर्यंत जात असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा, एकटे राहू नका, कीटकनाशके हाताशी ठेवू नका. 14416 वर फोन करा. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112 वर फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.