प्लेगची नोंद आणि लपलेले रोगी

प्लेगच्या काळातली मृत्युनोंद वाचताना लोकांची भीतीही वाचावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला, पुढे कोल्हापूर संस्थानातही पोचला. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर मुंबई-पुण्यात घरझडत्या झाल्या, तसे लोक रोगी लपवू लागले आणि नोंद फसवी झाली.

१९९४ मध्ये बीड-सुरतेत पुन्हा प्लेगची बातमी आली. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात उपकेंद्र, सरकारी दवाखाना आणि प्रयोगशाळा यांचे आठवड्याचे तक्ते वर जाऊ लागले. मूल्यमापनात ते वेळेवर आले का, हे पाहिले जाई. आमच्या कोल्हापुरात मात्र तापाचा रोगी आधी गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जातो; तो तक्त्यात उतरतोच असे नाही. खरे मोजायचे ते हे. देवीच्या मोहिमेत रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस मिळे. १९७५ मध्ये ते १००० रुपये झाले.