हुकुमचंद मिलचा थकलेला पगार

मुंबईचा १९८२ चा गिरणी संप आपल्याकडे जुन्या माणसांना चांगला आठवतो. त्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली कोकणातल्या आणि गोव्यातल्याही अनेकांची उमेद गेली. होळकरांच्या इंदूरमधल्या हुकुमचंद मिलची हकिकत मात्र आपल्यापर्यंत फारशी आली नाही.

शेठ हुकुमचंद यांची ही कापड गिरणी १९९२ साली बंद पडली आणि पुढे अवसायनात गेली. अवसायन म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून तिची देणी भागवणे. देणेकऱ्यांच्या त्या रांगेत कामगार कुठे उभा असतो, हाच खरा प्रश्न.

१९५६ च्या कंपनी कायद्यात ही जागा फार मागे होती. तारण ठेवून कर्ज देणारी बँक आपला वाटा आधी उचलून मोकळी व्हायची. उरल्यासुरल्यातून कामगाराला अग्रक्रमाने मिळायचा तो जास्तीत जास्त चार महिन्यांचा पगार, आणि त्यालाही रकमेची मर्यादा. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळताना कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असा निकाल दिला. मग १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने आणून बसवली.

एवढे होऊनही इंदूरच्या कामगारांच्या हाती काय आले? २००७ मध्ये उच्च न्यायालयात त्यांचे देणे सुमारे २२९ कोटी रुपये ठरले. पण पैसा अडकला होता मिलच्या जमिनीत, आणि जमिनीचा निकाल लागत नव्हता. त्यातले काही मध्यंतरी मिळाले. बाकीच्यासाठी अखेर भोपाळच्या राज्य सरकारने तडजोड केली: देणी आधी चुकती करायची, जमीन ताब्यात घ्यायची आणि तिथे घरे व दुकाने उभारायची. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटींचा धनादेश अवसायक आणि कामगार संघटनांकडे सोपवण्यात आला. लाभ सुमारे ४,८०० कामगारांना. मिल बंद पडली तेव्हा जो चाळिशीत होता, तो एकाहत्तरीच्या पुढे गेला. कितीतरी घरांत पैसे घ्यायला वारसच उरले.

जर्मनीत मालक बुडाला तर तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार सरकारी यंत्रणा आधी देते आणि वसुलीचे मागून बघते. त्यासाठीचा निधी मालकांच्याच वर्गणीतून उभा राहतो. इंदूरमध्ये सरकारने शेवटी केले ते याच वळणाचे, फक्त ३१ वर्षांनी आणि खास बाब म्हणून.

आता २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. तिच्यात अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण सोडून देणाऱ्या बँकांच्या बरोबरीला आहेत. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांचेच, तेही त्यांच्या मागून. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीला मात्र अवसायकाने हात लावायचा नाही. २४ महिन्यांच्या मर्यादेला मोझर बेअरच्या कामगारांनी आव्हान दिले होते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

माझ्यासारख्या सरकारी कारकुनाचा पगार महिनाअखेरीस ठरल्यासारखा जमा होतो. खाजगी नोकरीतल्या आपल्या मुलांना तेवढा भरवसा नाही. त्यांना एवढे तरी सांगावे: नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा, आणि कंपनी बुडाली तर मुदतीत लेखी दावा दाखल करा. कायद्याने रांगेत जागा दिली, पण तिथे जाऊन उभे राहायचे काम अजून कामगाराचेच आहे.